मावशींचे साचे

माझं शिक्षण मेणबत्त्यांवर झालं. एकलहऱ्यासारख्या, 1970-71 पासून राज्याला वीज पुरवणाऱ्या गावात हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. पण 2005 नंतर भारनियमन कडक झालं, तेव्हा औष्णिक केंद्राच्या वसाहतीबाहेर आमच्या घरातही अंधार असायचा. वडील ट्रक चालवायचे. त्याच सुमारास अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले आणि घरातली मिळकत थांबली.

तेव्हा शेजारच्या मावशी एक पातेलं, मेणाची लादी आणि ॲल्युमिनियमचे साचे घेऊन आईकडे आल्या. त्या ख्रिस्ती. दर फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्याहून भाविक येतात. तिथे त्या मेणबत्त्या विकायच्या. हेच काम त्यांनी आईला शिकवलं आणि आईबरोबर मलाही.

मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. किलोला शंभर ग्रॅम स्टिअरिक ॲसिड टाकायचं, म्हणजे मेणबत्ती टणक होते, साच्यातून सुटते. रंग तेलात विरघळणाराच हवा. खाण्याचा रंग मेणात मिसळत नाही. साच्याला आतून तेलाचा बोळा फिरवायचा, वात तळाच्या छिद्रातून ओवून वर काडीला ताणून बांधायची, मग सावकाश ओतायचं.

खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. गार होताना मेण आकसतं, वातीभोवती खळगा पडतो. मावशी तिथे विणकामाची सुई खुपसून आतली पोकळी उघडी करायच्या आणि थोडं जास्त गरम मेण त्यात भरायच्या. साचा उघडायची वेळ झाली का, हे हाताची मागची बाजू लावून पाहायच्या. मला घाई असायची. “ऊब लागतेय ना अजून? मग राहू दे,” एवढंच म्हणायच्या. पाकळी तुटलेला गुलाब निघाला तरी रागावत नसत. पुन्हा भांड्यात टाकून वितळवायला लावत.

पहिल्याच यात्रेत मावशींनी आपल्या जागेतली अर्धी जागा आईला दिली. त्यांचंच गिऱ्हाईक आमच्याकडे वळणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. उसने पैसे दिले असते तर कधीतरी फेडता आले असते. ही जागा कशी फेडायची, ते मला अजून सुचलेलं नाही. पुढे दिवाळीला पाण्यावर तरंगणाऱ्या कमळांची मागणी आली आणि माझी कॉलेजची फी त्यातून गेली.

बी.एस्सी.ला असताना सरांनी मायकेल फॅरेडेचं पुस्तक हातात दिलं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात मुलांसाठी दिलेली, मेणबत्तीवरची व्याख्यानं. वाचताना आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. पॅराफिन साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि साधारण दोनशेच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते; उकळतं पाणी शंभरावरच थांबतं, म्हणून भांडं सुरक्षित राहतं. मावशी सातवी शिकलेल्या. त्यांनी कारण न सांगता सवय लावली होती. आज मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा आधी करायला लावतो, कारण मागाहून सांगतो. ही पद्धत माझी नाही, त्यांची आहे.

मुलांची सहल महाबळेश्वरला नेली, तेव्हा भावेश भाटियांच्या सनराइज कँडल्समध्ये गेलो. दृष्टी गेल्यावर त्यांनी मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये हे काम शिकून घेतलं, हातगाडीवर मेणबत्त्या विकल्या आणि पुढे अंध कारागिरांचा हा उद्योग उभा केला. ती माणसं बोटांनी मेणबत्ती चाचपत होती. मोतीबिंदू वाढल्यावर मावशीही साच्याची शिवण अशीच तपासायच्या. परत आल्यावर त्यांना ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “वात कसली वापरतात?” मी पाहिलं नव्हतं.

मावशी आता नाहीत. साचे आईकडे आहेत आणि चालू आहेत. एकलहरे, सामनगाव, नाशिकरोड भागात कुणाला शिकायचं असेल, तर आई शिकवायला आणि साचे द्यायला तयार आहे. तुमच्या गावात कुणी घरी मेणबत्त्या करत असेल, तर या दिवाळीत निदान डझनभर त्यांच्याकडून घ्या.