माकडाची बराखा

2023 च्या सुट्टीत आम्ही आजी-आजोबा नातवंडांना घेऊन मुंबईहून केनियाला प्राणी बघायला निघालो. वाटेत दोहाला विमान बदलायचे होते. कतारच्या त्या भल्यामोठ्या विमानतळावर एक पिवळे अस्वल बसवले आहे, चांगले 7 मीटर उंच. त्याच्या पायाशी आम्ही चार तास काढले.

नातीच्या पिशवीत केळी आणि बिस्किटांचे पुडे निघाले. "आजी, हे माकडांसाठी!" आम्ही म्हटले, "इथेच खाऊन टाका बाळांनो. माकडांना काही द्यायचे नाही." मुले रुसली. खरं सांगायचं तर लहानपणी माथेरानला आम्हीही माकडांना चणे चारले होते. पुढे नर्स झालो आणि माकड चावलेली मुले समोर आली, तेव्हा डोळे उघडले. अशी जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे रेबीजच्या इंजेक्शनसाठी जायचे. माणसाच्या हातचे खायची सवय लागली की माकड हिसकावू लागते, आणि मग मार त्यालाच बसतो.

नातवाने विचारले, "कतारमध्ये माकडे आहेत?" या वाळवंटात रानटी माकडे नाहीत. अरबस्तानात बबून राहतात ते दूर नैर्ऋत्येला, सौदी आणि येमेनच्या डोंगरात.

केनियात नाकुरु तळ्याकाठी मात्र बबूनचे कळपच दिसले. कुत्र्यासारखे लांब तोंड, पिल्लू आईच्या पाठीवर घोडेस्वारासारखे! शेजारच्या गाडीची काच उघडी होती. एका बबूनने त्यांचा जेवणाचा डबाच पळवला. पलीकडे काळ्या तोंडाची छोटी व्हर्वेट माकडे होती. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी त्यांच्या वेगवेगळ्या हाका असतात. बिबट्याची हाक आली की झाडावर, गरुडाची आली की झुडपात!

नातू म्हणाला, "आजी, माकड पाहिले की बराखा म्हणतात ना?" खरेच, हत्ती आणि माकड पाहिले की, प्राणी निरनिराळे घडवणाऱ्या देवाची बराखा म्हणावी असे तालमुदात आहे. कोकणात आजोळी कौलांवर माकडे रोज नाचायची. आम्ही काठी घेऊन धावायचो. बराखा काही कधी आठवली नाही.

त्या दिवशी गाडीच्या काचा वर करून आम्ही सर्वांनी ती म्हटली. सत्तरी उलटल्यावर, पहिल्यांदा.