आईसोबत सायकलवरून केवलादेव

नोव्हेंबरातल्या एका थंड सकाळी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या दारात आम्ही दोघी उभ्या होतो. शेजारी भाड्याच्या सायकलींची रांग होती. आई म्हणाली, ''तू सायकल घे, मी रिक्षातून येते.''

बाबा होते तोवर ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसायची. ते गेल्यापासून साताऱ्यात मंडईत जायचं असलं, तरी कुणीतरी सोडायला येण्याची वाट बघते. कॉलेजात असताना मात्र ती रोज सायकलने जायची. म्हणून ती माझ्याकडे नोएडाला आली, तेव्हाच मी हे तिकीट काढून ठेवलं होतं.

डोंगरउतारावरची सायकलिंग हवी असेल, तर इथे येऊ नका. सुमारे 29 चौरस किलोमीटरचं हे उद्यान ताटासारखं सपाट आहे. पण पहिल्यांदाच मातीच्या वाटेवर चाक घालणाऱ्यासाठी याहून बरी जागा मला माहीत नाही. थोडं आत गेलं की शांती कुटीरच्या फाटकापुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे मागून हॉर्न नाही. आम्ही केवलादेवाच्या देवळापर्यंत डांबरी रस्त्याने गेलो आणि येताना पाण्याकडेच्या बांधांवरून परतलो. फेरा साधारण 12 किलोमीटरचा झाला.

सायकल निवडताना घाई करू नका. दोन्ही ब्रेक दाबून बघा, जाड टायरचीच मागा आणि सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढी उंची ठेवा. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होतं, तेव्हा पाऊलवाटेच्या कडेला जाऊ नका.

देवळाजवळ दगडी फलक आहेत. संस्थानी काळातल्या शिकारींचे हिशेब त्यांवर कोरले आहेत. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने 4,273 पक्षी मारले. आईने तो आकडा दोनदा वाचला. ''एवढ्यांचं केलं काय?'' तिचा प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतरची गोष्टही सरळ नाही. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबारात माणसं गेली. मग म्हशी नसल्यामुळे गवत इतकं माजलं की उघडं पाणीच कमी होऊ लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून म्हशींचा उपयोग पुढे आला. सायबेरियन क्रौंच 2002 नंतर इथे आले नाहीत.

परतीच्या बांधावर भुसभुशीत धूळ होती. आई पुढे होती. समोर नीलगाय दिसली आणि मी मागून ओरडले, ''आई, ब्रेक!'' तिने घाबरून पुढचाच ब्रेक करकचून दाबला आणि ती आडवी झाली. कोपर खरचटलं. चूक माझी होती. धुळीत मागचा ब्रेक आधी, तोही हळूहळू, हे मी तिला निघतानाच सांगायला हवं होतं. शिवाय मागून ओरडायचं तर मुळीच नव्हतं.

मला वाटलं, आता रिक्षा बोलवावी लागणार. ती तशीच धुळीत बसून पाण्यातल्या बाभळीकडे बघत होती. झाडभर चित्रबलाकांची घरटी होती, आणि पिल्लं चोची वासून इतका गलका करत होती की आमचं बोलणंही ऐकू येईना. बराच वेळ आम्ही तिथेच थांबलो. बाटलीतल्या पाण्याने कोपर धुतलं, सोबतच्या दशम्या खाल्ल्या.

उठताना मी हात पुढे केला. तिने आधी सायकल उभी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी होती. सकाळी मी आवरून खाली आले, तर आई दारात शाल गुंडाळून तयार. सायकलवाल्याकडे गेल्यावर तिनेच त्याला सांगितलं, ''भैया, कल वाली देना. सीट दो उंगली नीचे.''