चार तासांचे अंतर

माघ-फाल्गुनात माळव्यातील अफूची शेते भरात येतात. नीमच-मंदसोरकडचा परवानाधारक शेतकरी दुपारी बोंडांना चिरा देतो, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडतो आणि पुढे सरकारी काट्यावर नेऊन घालतो. त्याचा कणन् कण हिशेबात धरलेला असतो. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत या अफूपासून मॉर्फीन काढतात.

अशाच एखाद्या शेतकऱ्याला कर्करोग जडला, म्हणजे प्रवास सुरू होतो. आधी इंदूर, मग मुंबई. परळच्या पदपथावर पथारी टाकून घरची माणसे दिवस काढतात. पुढे केव्हातरी 'आता घरी न्या' असे सांगितले जाते. वैद्यकाचे काम तेथे संपते. रोग्याचे मात्र उरलेले असते. मॉर्फीनच्या साध्या गोळीचा गुण सुमारे चार तास टिकतो. गावापासून ती मिळण्याचे ठिकाण पुष्कळदा त्याहून दूर असते. म्हातारा खाटेवर कण्हत असतो. देवघरात गंगाजलाची लोटी असते. शेकडो कोसांवरून आणून, लाखेने बंद करून, याच घटकेसाठी जपलेली. गोळीची तशी तरतूद कोणी केलेली नसते.

याला कायदाही कारण झाला. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली, निरनिराळ्या खात्यांचे परवाने आवश्यक झाले आणि औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने ही वाट पुष्कळशी मोकळी केली. पण परवाना सुलभ झाला म्हणून तालुक्याच्या डॉक्टरच्या मनातली धास्ती जात नाही. ते औषध द्यावे कसे, हे त्याला बहुधा कोणी शिकवलेलेच नसते.

1986 साली मुंबईत वांद्रे येथे 'शांती अवेदना सदन' उभे राहिले. मरणासन्न रोग्यांसाठी निघालेले ते देशातले पहिले सदन. त्याची थोरवी वादातीत आहे; तरी सदन म्हटले की रोग्याने घर सोडणे आलेच. (सेवा म्हटली की आपल्याला आधी इमारत आठवते, ही आपली जुनीच खोड.) केरळात ही दिशा पालटली. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक लहानसे केंद्र निघाले. तेथवर न पोचू शकणाऱ्यांच्या घरी मग कार्यकर्ते जाऊ लागले. शेजारपाजारची माणसे जखमा धुण्यास, कूस वळवण्यास शिकली. 2008 साली राज्याने या कामाचे धोरण आखले आणि पुढे ग्रामपंचायतींच्या परिचारिका घरोघर जाऊ लागल्या.

केरळात घराला घर लागून असते. माळव्यातील पांगलेल्या वस्त्यांत तोच नमुना जसाच्या तसा चालेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अंतरे तेथे खरोखरच मोठी आहेत. मात्र अफू तोलण्याची वेळ आली की सरकारी अंमलदार, काटे आणि कागद त्या गावांच्या आसपास बिनचूक येऊन पोचतात. म्हाताऱ्याचा मुलगा त्या दिवशी पहाटेच निघतो. खाटेपाशी सून बसते, आणि थोड्या थोड्या वेळाने ओला बोळा म्हाताऱ्याच्या ओठांवरून फिरवीत राहते.