सतरा नंबरचा बोर्ड

सामान बांधायला आलेल्या मुलानं भिंतीशी पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड उचलला, वायर गुंडाळली, वर कागदाची पट्टी चिकटवली आणि मार्करनं 17 लिहिलं. "तो ठेव," मी म्हणाले, "माझा नाही." "मग कुणाचा?" तर मला पटकन सांगता येईना.

आठ पॉइंटांचा बोर्ड. तिसऱ्या पॉइंटावर काळी टेप, कारण तिथं ठिणगी उडते. 2011 साली आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून आणलेला. एका शाळेनं संगणकाची खोली दिली होती, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार ते सहा. पण खोलीत जादा लॅपटॉप लावायला दोनच सॉकेट होती. त्या बोर्डावर आमचा लिनक्सचा गट चालू झाला. उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीड्या तेव्हा परदेशातून फुकट टपालानं यायच्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती सोय बंद झाली. शेवटच्या पाकिटातली एक सीडी अजून माझ्याकडे आहे. ती मात्र मी नेणार आहे.

आई नागपुरात एकटी आहे आणि आता तिला एकटं ठेवून चालत नाही. "कधी येऊन राहिली तू?" असं ती रोज फोनवर विचारते. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जायचं, म्हणजे दुपारी कोल्हापुरात बसलं की मधली अख्खी रात्र गाडीत. राज्य एकच, पण बोली दोन टोकांच्या. इथल्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतात. चौदा वर्षं मी ते कौतुकानं ऐकलं, माझ्या तोंडी कधी आलं नाही.

गट सोडते म्हणून सांगितलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मग तुमच्या जागी कोण? पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्या गिदो व्हान रोसमनं जुलै 2018 मध्ये अशीच जबाबदारी खाली ठेवली. अपूर्णविराम आणि बरोबर अशा दोन चिन्हांच्या जोडीवरून झालेला वाद त्याला फार लागला होता. वारस त्यानं नेमलाच नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. लोक महिनोन्‌महिने भांडले आणि 2019 च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडून आलं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्यानं केलं तेच नीट. डेबियन हे लिनक्स घडवणारे तर आपला म्होरक्या दरवर्षी मतदानानं निवडतात. एकाच माणसाकडे चौदा वर्षं खोलीची किल्ली असू नये, हे मला आधी कळायला हवं होतं.

पण बोर्डाकडे बघताना मला गुरुजी आठवत होते.

2016 च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा आले. निवृत्त शिक्षक, धोतर, भिजलेली छत्री, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पेनड्राइव्ह. आयुष्यभर गोळा केलेले आपल्या भागातले शब्द, शेतीचे, गुऱ्हाळाचे, बैलांच्या रंगांचे, त्यांनी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले होते. त्याचं दुकान बंद झालं. फाइल आमच्याकडे उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात मराठी साठवलेलीच नसते. इंग्रजी अक्षराला मराठीचं चित्र चिकटवलेलं असतं, फॉन्ट गेला की चित्र गेलं. गुरुजी पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजे माझं लिहिलेलं त्यात नाहीच व्हय?"

आहे, म्हटलं, काढू. चार रविवार लागले. एका पोरानं अक्षरं बदलून युनिकोडमध्ये आणणारी स्क्रिप्ट लिहिली, दुसऱ्यानं तपासली. पाचव्या रविवारी गुरुजींनी पहिलं पान वाचलं आणि बोट ठेवलं. 'दर्या' लिहिलं होतं. त्यांना हव्या होत्या 'दऱ्या'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना वाढलं आणि आचाऱ्यांना वाढलं, यात पंगतीचा फरक आहे. र चं ते पापणीसारखं वळण हिंदीला लागत नाही, म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. आपल्याला ते रोज लागतं, वाऱ्याला, ताऱ्याला, नवऱ्याला.

मी त्यांना शेजारी बसवलं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. नुक्त्याचा ऱ, पाय मोडला, य लावला. पडद्यावर पापणी उमटली. गुरुजींनी तीच तीन बटणं एका बोटानं निदान वीस वेळा दाबली. ऱ्यऱ्यऱ्यऱ्य. बोटाचं पेर जाड, नखाखाली निळी शाई. अख्खी खोली हातातलं सोडून त्यांच्या मागं उभी होती.

खरी अडचण त्यानंतर आली. पापणी दुसऱ्या रीतीनंही काढता येते, साध्या र चा पाय मोडून पुढं न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. गुरुजींनी 'दऱ्या' शोधलं तर अर्धेच सापडले, कारण आमच्या स्क्रिप्टनं अर्धे एका रीतीनं केले होते आणि अर्धे दुसऱ्या. युनिकोडचं म्हणणं, नुक्त्याचा ऱ वापरा. जोडकाची रीत जुन्या मजकुरासाठी ठेवलेली आहे. ती सगळी बदलायला आणखी दोन रविवार गेले. इतका वेळ एका वळणासाठी घालवायचा का, असं नव्या आलेल्या एकानं विचारलं होतं. मला वाटतं, घालवायचा. ज्या यंत्रात आपल्या दऱ्या सापडत नाहीत ते आपल्यापुरतं अजून अपुरं आहे, आणि ते दुसरं कुणी येऊन पुरं करणार नाही.

पापणी उमटली त्या दिवसापासून गुरुजी एकही रविवार चुकले नाहीत. उरलेली पानं ते आता स्वतः टाइप करतात. मला मॅडम म्हणायचे, कधीतरी पोरी म्हणायला लागले.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी संध्याकाळी बोर्ड न्यायला आली. गटानं ठरवलंय की वर्षभर ती बघेल, पुढचं पुढं. किल्ली मी गेल्या रविवारीच दिली होती. "ताई, आता कुलूप मीच उघडतो की," ती म्हणाली. टेप लावलेला पॉइंट तिला दाखवायला लागले तर म्हणाली, "ठाऊक आहे ओ, तीन नंबरचा. बदलून घेतो." पट्टीवरचा 17 तसाच होता. स्कूटीवर पायाशी बोर्ड ठेवून ती गेली.

टेम्पो भरत असताना गुरुजींचा फोन आला. 'अॅ' कसा काढायचा, कारण एका यंत्रावर ए वर चंद्र येतोय. मी म्हटलं, आता तिला विचारा.

"तिलाच इचारलं. तिनं सांगितलं त्ये बरोबर हाय का, एवढंच म्हणतोय."

काय सांगितलं ते मी विचारलं नाही. "बरोबर आहे, गुरुजी," म्हटलं.

टेम्पोवाल्यानं मागची कडी लावली.