दोन कंट्रोलच्या मध्ये

बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, नव्याने उतरणाऱ्यांच्या घरून एक प्रश्न हमखास येतो: आम्ही गाडी घेऊन मागे मागे आलो तर चालेल ना? विचारणं काळजीपोटीच असतं, तरी नाही म्हणावं लागतं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचा नियम स्पष्ट आहे. घरच्यांनी भेटायचं, खाऊपिऊ घालायचं ते कंट्रोलवर, म्हणजे नोंद करण्याच्या ठरलेल्या थांब्यावर. दोन कंट्रोलच्या मध्ये सायकलस्वार आपल्या भरवशावर.

रस्ता मात्र सगळ्यांचा. वाईत पंक्चरवाल्याकडे हवा भरा, पसरणी घाट चढण्याआधी टपरीवर चहा-बिस्किटं घ्या, सोबतच्याने दिलेली ट्यूब घ्या, कुणाची हरकत नाही. वाटेवर जे कुणालाही मिळू शकतं ते चालतं. फक्त तुमच्यासाठी डिकीत भरून आणलेलं चालत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. दिमतीला ड्रायव्हर असलेला आणि कारखान्यातली पाळी संपवून आलेला, दोघांना टपरी एकच.

मुदत ठरलेली असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. म्हणजे ताशी साधारण पंधरा किलोमीटर; पण जेवण, पंक्चर, झोप सगळं त्यातच. पहिला-दुसरा नंबर नसतो. ही चारही अंतरं ठरलेल्या मुदतीत पुरी केली की पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी पात्र होता येतं: १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास.

पंक्चर काढणं घरूनच शिकून यावं. हायवेवर फुटलेल्या ट्रक-टायरच्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवायचं. कुठेतरी बारीकसं टोचतं. तिथली तार चिमट्याने ओढून काढायची. ती राहिली तर नवी ट्यूबही थोड्या वेळात बसते. आणि हे रात्री दोनला, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात, पेंगुळलेल्या अवस्थेत जमायला हवं. दिवाणखान्यात एकदा जमलं म्हणून भागत नाही.

दिव्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पुढे पांढरा, मागे लाल, अंगावर चमकणारं जॅकेट. मागचा दिवा लुकलुकणारा नको, सलग जळणारा हवा. बॅगेत दुसरा जोड. तोही संपला, तर ढाब्यावर उजाडेपर्यंत थांबायचं. कटऑफ गेला तर जाऊ दे.