शितावरून भाताची परीक्षा

दुसऱ्याच्या कामात खोड काढणे हा माझा व्यवसाय आहे. या गुणासाठी कोणी दरमहा पगार देत असेल यावर आमच्या आरमोरीत अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. आमच्या आळीत हेच काम किमान दहा जण सकाळ-संध्याकाळ फुकट करतात.

पुण्यातल्या एका कंपनीत मी संगणकाच्या प्रोग्रॅमांची चाचणी घेतो. म्हणजे टेस्टर. 2020च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागायच्या तीन-चार दिवस आधी, मी वैनगंगा ओलांडून घरी आलो आणि शेजारच्या आजोबांना हा हुद्दा सांगून बसलो. त्यांना टेस्टर ठाऊक होता. वायरमनच्या खिशात असतो तो, तारेला टेकवला की दिवा लागणारा. त्यांनी लगेच मला घरी नेऊन बंद पडलेला पंखा दाखवला. मी नुसताच खाली उभा राहून पाहतो आहे हे बघून म्हणाले, “काहून रे, पुन्याले एवढंच शिकवते का?”

आता आमच्या कामाची रीत थोडी सांगितली पाहिजे. पूर्वी प्रोग्रॅम लिहिणारे वर्ष-वर्ष लिहीत आणि शेवटच्या आठवड्यात टेस्टरला बोलावीत. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला जोशीबुवांना बोलवावे तसे. दोष काढला तर वऱ्हाडी अंगावर येणार, न काढला तर संसार मोडल्यावर दक्षिणेचा हिशेब होणार. 2001च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरी ठिकाणी सतरा मंडळी जमली आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. जाड जाड कागदपत्रांपेक्षा चालणारा प्रोग्रॅम मोठा; गिऱ्हाइकाला सोबत घ्या; बदलाला भिऊ नका. या रीतीला ‘ॲजाइल’ म्हणतात.

आम्हां झाडीपट्टीवाल्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. जवळच वडशाला आमच्या नाटक कंपन्यांचे ठाणे आहे. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आज या गावी, उद्या त्या गावी, रात्रभर नाटक चालते. आज जिथे माणसे हसली नाहीत तिथे उद्याच्या गावी दुसरे वाक्य येते. प्रेक्षकच परीक्षक, आणि निकाल जागच्या जागी. आम्ही हेच दोन-दोन आठवड्यांच्या हप्त्यांनी करतो, एवढाच फरक.

रोज सकाळी पंधरा मिनिटांची एक बैठक असते, ती उभ्याने घ्यायची. बसले की माणसे लांबण लावतात म्हणून. ‘उभी बैठक’ हा शब्दप्रयोग ऐकून आई पोट धरधरून हसली. पण आरमोरीत मला ती खरोखरच उभ्याने घ्यावी लागे, कारण मोबाइलला रेंज अंगणातल्या बंडीवर चढून उभे राहिल्यावरच येई. पुण्यातली पोरे गादीवर लोळत ‘उभी बैठक’ घेत आणि मी एकटा बंडीवर उभा राहून ती पाळत असे. येणाजाणाऱ्यांना वाटे, हा निवडणुकीला उभा आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडाशी आमच्याकडे एक काम होते. शेतकऱ्याने मोबाइलवर नाव, जमीन आणि धानाचे क्विंटल भरायचे. मोजणीला कधी यायचे तो नंबर त्याला मिळायचा. काम आम्ही शास्त्रशुद्ध केले. लिहायला सुरुवात होण्याआधीच गिऱ्हाइक, लिहिणारा आणि मी असे तिघे बोलायला बसलो. मी माझे ठरलेले प्रश्न विचारले : नाव रिकामे सोडले तर? दोनदा बटण दाबले तर? मध्येच वीज गेली तर? नेहमीच्या चाचण्या यंत्राला शिकवून ठेवल्या. ते रोज रात्री आपल्या आपण त्या घोकून काढी आणि सकाळी हिरवी खूण दाखवी. जमिनीच्या रकान्यात मी दोन हेक्टर घातले, पाच घातले, बारा घातले. सगळे हिरवे! शुक्रवारी बंडीवरून मी जाहीर केले, “माझ्याकडून झालं. सोमवारी लोकांना द्यायला हरकत नाही.”

घरात आलो तेव्हा आई चुलीपाशी भात पाहत होती. शहाणपण शिकवायची हुक्की आली म्हणून म्हटले, “आई, तू करतेस तेच आमचं काम. शितावरून भाताची परीक्षा.”

आईने मान वर न करता डावाने एक शीत वरचे काढले, एक मधले आणि एक पार कडेचे. तिन्ही बोटांत चेपली आणि म्हणाली, “वरचं शीत कोनीबी पायते, बाबू. भात कच्चा रायते तो कडेले.”

मी ते हसण्यावारी नेले. जेवणे झाल्यावर कौतुकाने बाबांच्या हातात फोन दिला. म्हटले, भरा तुमचा धान. बाबांनी चष्मा लावला, सातबारा काढला आणि एका बोटाने पाऊण तास घेऊन सगळे भरले. आमची जमीन एक एकर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत 0.40 हेक्टर. बाबांनी बटण दाबले. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, “बाबू, हे मनते, आपल्या नावानं जमीनच नाई.”

मी फोन ओढून घेतला. प्रोग्रॅम दशांशचिन्हापुढचे सगळे छाटून टाकत होता. 0.40चे झाले शून्य. शून्य जमीनवाल्याला नंबर नाही. माझे दोन, पाच आणि बारा पूर्णांकातले, खात्यापित्या घरचे. त्यांना दशांशाचा त्रास कुठून होणार? आणि यंत्राला मी शिकवले तेवढेच ते तपासणार. न सुचलेला प्रश्न ते आपल्या मनाने विचारत नाही.

या पापाला मोठी परंपरा आहे. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 37 सेकंदांनी भरकटले आणि त्याच्या ठिकऱ्या झाल्या. 64 बिटांचा आकडा 16 बिटांच्या जागेत कोंबायला गेले आणि तो मावला नाही. तो तुकडा जुन्या एरियान-4मधून तसाच उचललेला होता. जुन्यावर बिनतक्रार चालला, म्हणून नव्या उड्डाणाच्या आकड्यांनी तो कोणी तपासलाच नाही. तिथे रॉकेट गेले, इथे माझ्या बापाचे शेत.

रात्रीच बंडीवर चढलो. लिहिणारा मुलगा गुणी, पण झोपेतून उठलेला. म्हणाला, “सर, एवढी कमी जमीन कोणाची असते? ही अगदी काठावरची केस आहे. पुढच्या हप्त्यात घेऊ ना.”

बंडीवरून मी आळीकडे पाहिले. उजवीकडे दीड एकर, डावीकडे पाऊण, समोरच्यांचे दोन. सगळी आळीच काठावर उभी होती. सरकारी भाषेत अशा शेतकऱ्याला ‘सीमांत’ म्हणतात, म्हणजे काठावरचाच! 2015-16च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या शंभरांतल्या 68 वहिवाटी एक हेक्टरच्या आतल्या होत्या. मी त्याला म्हटले, “बाळा, आपला प्रोग्रॅम शंभरांतल्या अडुसष्टांची जमीन काढून घेतो आहे. शुक्रवारी मी दिलेला होकार परत घेतला असं समज.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. आधी वाटले, रेंज गेली. मग तो म्हणाला, “सर, दहा मिनिटं द्या.”

दुरुस्तीला दहा मिनिटेच लागली. दर हप्त्याच्या शेवटी आम्ही काय साधले, काय चुकले ते लिहून काढतो. त्यात मी लिहिले : टेस्टरने फक्त वरचे शीत पाहिले. तेव्हापासून जमिनीच्या रकान्यात माझी पहिली चाचणी 0.40चीच असते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा एका बोटाने सगळे भरले. नंबर आला. बाबांनी तो दोनदा वाचला आणि सातबारा घडी घालून परत पेटीत ठेवला.

शेजारच्या आजोबांना ही हकिकत कळली तेव्हा ते म्हणाले, “मनजे तुज्या टेस्टरचा दिवा लागला मनायचा!”

लागला खरा. पण तारेला तो बाबांनी टेकवला, तेव्हा. आजोबांचा पंखा अजून बंदच आहे.