हडसनपलीकडचा पगार आणि कळव्याचे भाडे

कळव्याहून मुंबईला नोकरीस जाणारा माणूस रोज ठाण्याची खाडी ओलांडतो आणि मुलुंडला त्याची महापालिका बदलते, तरी त्याच्या पगारावरील आयकर बदलत नाही, कारण भारतात हा कर केंद्र सरकार आकारते, आणि राज्य सरकार घेते तो व्यवसाय कर राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 नुसार वर्षाला 2,500 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. शिवाय पती ठाण्यात आणि पत्नी फोर्टमध्ये नोकरी करत असली, तरी दोघांची विवरणपत्रे स्वतंत्र असतात आणि एकाच्या पगारामुळे दुसऱ्याच्या कराचा दर चढत नाही. ही रीत अंगवळणी पडलेले मराठी दांपत्य अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत किंवा एडिसनमध्ये राहू लागते, पत्नी नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला कामाला जाते, पती न्यू जर्सीतच नोकरी करतो, आणि 15 एप्रिलच्या मुदतीपूर्वी दोघांना एकच प्रश्न पडतो, तो हा की ज्याने वर्षभरात हडसन नदी कामासाठी एकदाही ओलांडली नाही, त्या पतीचा पगार न्यूयॉर्कच्या फॉर्मवर कशासाठी लिहायचा.

अमेरिकी संघराज्याचे विवरणपत्र संयुक्त भरले असेल, तर न्यूयॉर्कच्या ‘आयटी-203’ या अनिवासींच्या विवरणपत्रातही सामान्यतः संयुक्तच राहावे लागते. मग ते राज्य प्रथम दोघांचे सर्व उत्पन्न एकत्र करून, जणू हे दांपत्य न्यूयॉर्कमध्येच राहते असे मानून, त्यावरचा कर काढते, आणि त्यातला तेवढाच हिस्सा घेते जेवढा एकूण उत्पन्नात न्यूयॉर्कमधील कमाईचा असतो. पत्नीचे 1,20,000 डॉलर आणि पतीचे 80,000 डॉलर असतील, तर 2,00,000 वरच्या कराचे साठ टक्के. पतीच्या पगारावर न्यूयॉर्क थेट कर घेत नाही हे खरे, परंतु त्या पगारामुळे पत्नीच्या पगारावरचा सरासरी दर चढतो.

ठाणे जिल्ह्यातील वाचकाला यासाठी जकातीचे उदाहरण जवळचे वाटेल. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, मालाची किंमत धरून जकात घेतली जाई, आणि शहरातून केवळ पार होणारा माल देखरेखीखाली पुढे सोडला जाई. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. त्या काळातही लोकलने येणाऱ्या माणसाची कमाई कोणी नाक्यावर मोजली नाही. हडसनवर व्यवस्था नेमकी उलटी आहे, कारण तेथे माल विनाअडथळा पार होतो आणि 1908 साली सुरू झालेल्या नदीखालच्या रेल्वे बोगद्यांतून रोज जाणाऱ्या नोकरदाराची कमाई मात्र मोजली जाते. उपमा पुढे न्यायची, तर ट्रकमधील मालावर किती दराने जकात घ्यावी हे ठरवण्यासाठी नाकेदाराने मालकाच्या कळव्याच्या गोदामातला मालही मोजावा, असा हा प्रकार आहे. जकातीचा दर मालकाच्या ऐपतीवर ठरत नसे, आयकराचा ठरतो, एवढा न्यूयॉर्कचा युक्तिवाद मान्य करावा लागतो. तरीही ज्या राज्यात मुले शाळेत जातात, जेथे घराचा भरमसाट मालमत्ता कर भरला जातो, त्या राज्याच्या तिजोरीत पत्नीच्या पगारावरचा फारसा कर पोहोचत नाही, ही गोष्ट न्याय्य म्हणता येत नाही.

न्यू जर्सी आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते, पण त्यात क्रेडिट देते, म्हणजे दुसऱ्या राज्यात भरलेला कर आपल्याकडील करात वळता करू देते. तेथे चूक होते ती क्रमाची आणि आकड्याची. आधी न्यूयॉर्कचे विवरणपत्र पूर्ण करावे लागते, आणि त्यातून जो कर प्रत्यक्ष निघतो तोच वळता होतो; वर्षाखेरीच्या डब्ल्यू-2 या पगारपत्रकात न्यूयॉर्कसाठी कापलेली रक्कम दिसते, ती नव्हे. वळत्या रकमेला मर्यादाही आहे. वरच्या उदाहरणात ती न्यू जर्सीच्या करातील साठ टक्क्यांची, आणि न्यूयॉर्कचा कर सहसा जास्त असल्याने वरचा फरक कोणीच परत करत नाही. पतीच्या कचेरीला पत्नीचा पगार ठाऊक नसतो, म्हणून त्याच्या पगारातून न्यू जर्सीसाठी कमी रक्कम कापली जाते आणि एप्रिलमध्ये भुर्दंड पडतो. एनजे-डब्ल्यू4 या फॉर्ममधील दोन पगारांच्या जोडप्यांसाठीचा तक्ता पाहून दराचे अक्षर वेळीच बदलून घेतले, तर तो बराचसा टळतो.

ही खटपट अटळ नाही, हे त्याच राज्याच्या दुसऱ्या सीमेवर दिसते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात 1977 साली करार झाला आणि तेव्हापासून पगारावर राहत्या राज्यातच कर लागतो. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी 2016 मध्ये तो मोडण्याचे जाहीर केले, पण काही आठवड्यांतच निर्णय मागे घेतला गेला.

कळव्यातील फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर त्याचे भाडेही या हिशेबात येते. अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने 30 टक्के आणि त्यावरील उपकर कापून भारत सरकारकडे भरायचा असतो. तेच भाडे संघराज्याच्या उत्पन्नात धरले जाते, तेथून न्यूयॉर्कच्या दोघांच्या एकत्रित उत्पन्नात जाते आणि पत्नीच्या मॅनहॅटनमधील पगाराचा दर थोडा आणखी चढवते. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट संघराज्य देते. न्यू जर्सी देत नाही, कारण तिचे क्रेडिट अमेरिकेतील राज्यांच्या व त्यांतील स्थानिक संस्थांच्या करापुरतेच आहे, आणि कळव्यातील पारसिकच्या डोंगराखालच्या घराने भरलेला कर त्यात बसत नाही.